मान खाली घालणारं ताट

"ताटली!... आता वाटी!... आता बाटलीचं झाकण!"

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांच्या थाटात फूटपट्टी हात पुढे करत होती आणि भुंगा एकेक वस्तू तिच्या तळव्यावर ठेवत होता. ताटलीभोवती पेन्सिल फिरली की सगळ्यांत मोठं वर्तुळ, वाटीभोवती मधलं, झाकणाभोवती छोटं. अगदी मधोमध वाटाण्याएवढा काळा ठिपका. झालं निशाण!

"सत्तावीस," वकील म्हणाली. ती कागदाच्या पाठीला खळ लावून तो पुठ्ठ्यावर चिकटवत होती. "आणखी तीन. आणि खळ माझ्या केसांत गेली आहे, याची नोंद घ्यावी!"

फूटपट्टी बारा वर्षांची. उंच, काटकुळी, आणि खिशात कायम मोजायचा टेप. दिसेल ती वस्तू मोजायची तिला सवयच होती. मांजराची शेपूट, दाराचा उंबरठा, भुंग्याचं नाक, काहीही! भुंगा तिचा धाकटा भाऊ. वय वर्षं आठ, आणि झोपेतसुद्धा गुणगुणणारा. वकील त्यांची मावसबहीण. तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता.

सुट्टी लागली की दोघं भावंडं वकिलीच्या घरी यायची, कारण तिच्या घराला लागून मावशीचं, म्हणजे वकिलीच्या आईचं, वर्कशॉप होतं! मावशी वेल्डिंग करायची. फाटकं, जिने, खिडक्यांचे गज, काय वाटेल ते. तिचा निळा उजेड पेटला की मुलांनी पाठ करून उभं राहायचं, हा पहिला नियम. उजेड विझला की लोखंडाचा आंबूस वास यायचा, आणि उन्हाच्या पट्ट्यात धूळ इतकी सावकाश तरंगायची की बघता बघता फूटपट्टीचे डोळे जड व्हायचे.

यंदा मावशीकडे मजेदार काम आलं होतं. गावातल्या नेमबाज मंडळाची रविवारी स्पर्धा होती. छर्ऱ्याच्या बंदुका घेऊन तीस नेमबाज येणार होते. त्यांच्यासाठी कागदाची तीस निशाणं, दहा स्टँड आणि एक मोठं लोखंडी ताट हवं होतं. नेम लागला की त्या ताटाने 'टण्ण' करून गावभर सांगायचं!

स्टँडच्या पायांना मावशीने चौकोनी खोबण्या केल्या होत्या. त्यांत लाकडी पट्ट्या नुसत्या सरकवायच्या आणि पट्ट्यांना निशाणाचा पुठ्ठा चिमट्याने लावायचा.

"खिळे का नाही ठोकायचे?" भुंग्याने विचारलं.

"कारण लोकांचा नेम चुकतो, राजा," मावशी म्हणाली. "मार पट्टीला बसतो. पट्टी मोडली की उपटायची आणि दुसरी खोचायची. स्टँड आपला जागच्या जागी."

आणि ताट? ते साखळ्यांवर टांगायचं होतं. पण सरळ नाही. मावशीने त्याच्या पाठीवर, वरच्या काठाशी, नळीचे दोन तुकडे जोडायचे ठरवले होते आणि साखळ्या त्या नळ्यांना अडकवायच्या होत्या. पाठीमागून टांगलं की ताट आपोआप पुढे झुकतं.

"नळाखाली चमचा धरला आहेस कधी?" तिने फूटपट्टीला विचारलं. "धार वर तोंड केलेल्या चमच्यावर पडली तर?"

"पाणी तोंडावर उडतं!"

"आणि चमचा पालथा धरला तर?"

"खाली ओघळतं."

"छर्ऱ्याचंही तसंच. लोखंडावर आपटला की तो चपटा होतो आणि ताटाचं तोंड जिकडे, तिकडे जातो. म्हणून ताटाने मान खाली घालायला हवी. मग छर्रे खालच्या वाळूत पडतात. कुणाचं काही बिघडत नाही."

"किती खाली?"

"पाच सेंटीमीटरची नळी लावली की पुरे. मोज."

फूटपट्टीने मोजलं, खडूने खूण केली. आता मावशी नेहमीचं वाक्य म्हणणार, हे तिला ठाऊक होतं. 'मोजलंस? छान. आता मी मोजते.' मावशी सगळं पुन्हा मोजायची. तीन आठवड्यांत एकदाही फूटपट्टीचं माप चुकलं नव्हतं, तरीही! फूटपट्टी बोलून दाखवत नसे, पण दर वेळी तिच्या मनाला एक बारीकसं कुसळ टोचायचं.

तेवढ्यात फोन वाजला. नदीवरच्या पुलाचा कठडा तुटला होता, मावशीला दुसऱ्या दिवशी पहाटेच निघायला हवं होतं आणि शुक्रवार संध्याकाळपर्यंत तिकडेच राहायचं होतं. "अरे देवा!" म्हणत तिने चष्मा डोळ्यांवर ओढला, फूटपट्टीच्या खुणेवर पातं टेकवलं आणि खर्र्र! नळी कापली सुद्धा!

न मोजता!

फूटपट्टी श्वास रोखून बघत राहिली. त्या संध्याकाळी नळ्या जोडलेलं ताट मंडळाकडे गेलं, तेव्हा ती चालत नव्हती, तरंगत होती.

---

गुरुवारची दुपार. सगळं गाव जणू उन्हात विरघळलं होतं. काका, म्हणजे वकिलीचे बाबा, पहाटेपासून भट्टीवर पाव भाजायचे आणि दुपारी ढाराढूर झोपायचे. त्यांच्या घोरण्याच्या तालावर पडदासुद्धा हलत होता.

तिघं मागच्या अंगणात झाडाखाली लोळत पडली होती. वरून म्हाताऱ्या उडत येत होत्या. पांढऱ्याशुभ्र, कापसासारख्या, कुठल्या तरी बीला पाठीवर घेऊन निघालेल्या. एक म्हातारी फूटपट्टीच्या पापणीवर बसली. तिने फुंकर मारली नाही. तिला मोजायचंही सुचलं नाही.

"ताई," भुंगा गुणगुणणं थांबवून म्हणाला, "दुपारी तारे पडतात, तुला माहीत आहे?"

"हं," फूटपट्टी अर्धवट झोपेत म्हणाली.

"पुरावा?" वकिलीने डोळे न उघडता विचारलं.

भुंग्याने खिशातून काड्यापेटी काढली आणि हळूच सरकवली. आत सात तारे होते!

नखाएवढे, करड्या चंदेरी रंगाचे. प्रत्येकाची कड पाच-सहा ठिकाणी उकललेली, पाकळ्यांसारखी. फूटपट्टी ताडकन उठून बसली.

"कुठे मिळाले?"

"वहिनींच्या अंगणात. आधी लांबून टण्ण वाजतं, मग टप्प करून तारा पडतो. कालपासून पडताहेत."

"भुंग्या, हे तारे नाहीत! हे चपटे झालेले छर्रे आहेत! आणि शिसं आहे ते. आधी साबणाने हात धू!" मावशीचा दुसरा नियमच होता तो. शिशाला हात लागला की आधी साबण, मग बाकीचं जग.

शिवणकाम करणाऱ्या वहिनी पलीकडच्या घरात राहायच्या. त्यांच्या अंगणामागे मातीचा उंच बंधारा होता, आणि बंधाऱ्यापलीकडे जुन्या वीटभट्टीचा खड्डा. तिथेच मंडळाची नेमबाजी चालायची. वहिनी ओसरीत मशीन चालवायच्या, आणि त्यांचं बाळ अंगणातल्या झाडाखाली, खाटेवर, जाळीच्या आत झोपायचं. सहा महिन्यांच्या त्या मुलीला सगळे बोळकी म्हणत, कारण ती सदानकदा बिनदातांचं हसायची.

आत्ता ती झोपली होती. दोन्ही मुठी डोक्याशी, ओठ अर्धवट उघडे. स्वप्नात काहीतरी गोड चघळत असावी. जाळीवर दोन म्हाताऱ्या येऊन बसल्या होत्या. आणि तिसरं काय होतं ते?

फूटपट्टी वाकली. जाळीला भोक पाडून एक तारा अर्धा आत घुसला होता आणि धाग्यांत अडकून लोंबकळत होता. थेट बोळकीच्या गालाच्या वर!

फूटपट्टीचा हात आपसूक टेपकडे गेला. ताऱ्यापासून गालापर्यंत चार सेंटीमीटर. डोळ्यापर्यंत सहा.

"वहिनीऽऽ!" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

मशीन थांबलं. वहिनी धावत आल्या, त्यांनी बाळाला उचलून छातीशी धरलं आणि त्या तडक घरात गेल्या. आत पत्र्याचं छप्पर होतं. दुपारी तिथे भांडीसुद्धा तापायची. बोळकी जागी होऊन रडायला लागली.

"इथे ती झोपत नाही गं," वहिनी तिला थोपटत म्हणाल्या. "आणि ती झोपली नाही तर माझं मशीन चालत नाही. तीन वर्षं झाली मला या घरात. बंधाऱ्यापलीकडे नेहमी सराव चालतो, पण एक छर्रा कधी आला नाही. यंदाच असं काय झालं?"

फूटपट्टीने बंधाऱ्याकडे पाहिलं. यंदा एकच गोष्ट नवी होती. मोठं ताट! आणि त्याच्या पाठीवरच्या नळीचं माप तिने एकटीने घेतलं होतं. मावशीने ते पुन्हा मोजलं नव्हतं!

---

मंडळाच्या सचिवांचा बाजारात फोटो स्टुडिओ होता. लग्नातली माणसं, बक्षीस घेणारी माणसं, नुसतीच उभी राहिलेली माणसं, सगळी त्यांच्या काचेमागे हसत असायची. काल त्यांत एक भला मोठा फोटो आला होता. मधोमध लोखंडी ताट, त्यावर लाल अक्षरांत मंडळाचं नाव, खाली सचिवांचं नाव, आणि शेजारी छाती काढून उभे खुद्द सचिव!

"ताई, ताटाला शिंगं फुटली आहेत," भुंगा काचेला नाक लावून म्हणाला.

"चल रे, आधी काम!" त्याला ओढत फूटपट्टी आत शिरली. शिंगांकडे कुणी लक्ष दिलं नाही. ते दिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

सचिवकाकांनी काड्यापेटीत डोकावून पाहिलं आणि ते खो खो हसले.

"अरे, बंधारा दोन पुरुष उंच आहे! छर्रा काय पायऱ्या चढून पलीकडे जातो?"

"पण जाळीला भोक पडलंय, काका! बोळकीच्या डोळ्यापासून सहा सेंटीमीटर..."

"गलोल कुणाकडे आहे तुमच्यात?"

"आमच्याकडे गलोल नाही," वकील म्हणाली. "आणि गलोलीने दगड उडतो, छर्रा नाही. शिवाय प्रश्नाला प्रश्न हे उत्तर होत नाही."

"हे बघा, रविवारवर स्पर्धा आली आहे. तीस नेमबाज, पन्नास पाहुणे! उद्या तीन ते पाच सराव. आता पळा, मला फ्रेमा लावायच्या आहेत."

म्हणजे उद्या पुन्हा तारे पडणार होते, आणि रविवारी तर नुसता पाऊस! बोळकीला कोंडून ठेवता येईल, पण अंगणात खेळायला येणारी गल्लीतली पोरं? कपडे वाळत घालणाऱ्या वहिनी?

परतताना फूटपट्टी वर्कशॉपच्या पायरीवर बसली आणि मनातलं बोलली.

"माप माझंच चुकलं असणार. नळी आखूड झाली असेल. मावशीने एकदाच माझ्यावर विश्वास ठेवला आणि मी..."

वकील तिच्याजवळ सरकून बसली. "पुराव्याशिवाय कुणालाही फाशी देता येत नाही. स्वतःलासुद्धा नाही!"

"पुरावा आणायचा कुठून? बंधाऱ्यावर बसून छर्रे येताना बघायचे का?"

"नाही! त्याला पुरावा नाही, मूर्खपणा म्हणतात."

वर्कशॉपच्या पत्र्याला खिळ्याचं एक जुनं भोक होतं. त्यातून उन्हाची एक बारीक काडी आत उतरली होती. भिंतीशी टेकवलेल्या, सरावात फुटलेल्या जुन्या पुठ्ठ्यावर ती पडली होती, त्याच्या भोकातून पार जाऊन जमिनीवर टिकलीएवढी चमकत होती. काडीत धूळ तरंगत होती. वर, खाली, सोन्याची.

फूटपट्टी बघत राहिली. जमिनीवरची टिकली. पुठ्ठ्यातलं भोक. पत्र्यातलं भोक. तिची नजर त्या काडीवरून चढत चढत थेट पत्र्यापर्यंत गेली.

"वकील," ती कुजबुजली, "एका भोकावरून काहीच कळत नाही. पण एकामागे एक अशी दोन भोकं असली तर?"

"तर?"

"तर रेघ मिळते! आणि रेघ मागे मागे नेली की छर्रा कुठून निघाला तेही कळतं!"

भुंगा जोरजोरात गुणगुणायला लागला. काहीतरी घडणार असलं की त्याचं असंच व्हायचं.

---

त्यांनी आयुष्यातलं सगळ्यांत मोठं निशाण बनवायला घेतलं. नेम धरण्यासाठी नव्हे, तारे पकडण्यासाठी!

लाकडी पट्ट्यांची एक चौकट, तिच्यामागे हातभर अंतरावर तशीच दुसरी. दोन्हींवर ताणून चिकटवलेला जाड कागद. पाय मावशीच्या दोन स्टँडचे. पट्ट्या घ्यायला परवानगी हवी होती, म्हणून वकील आत गेली.

"बाबा, पट्ट्या घेऊ का?"

"हं... घ्या... चांगल्या लालसर भाजून घ्या..." काका कुशीवर वळले.

"परवानगी मिळाली!" वकिलीने बाहेर येऊन जाहीर केलं.

पण हे धूड बंधाऱ्याच्या माथ्यावर ठेवू देणार कोण? त्यावरही वकिलीनेच तोड काढली. पुढच्या कागदावर तिने लाल रंगाने टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, 'स्पर्धेला सर्वांचे स्वागत!' खाली मंडळाचं नाव, आणि त्याखाली सगळ्यांत मोठ्या अक्षरांत सचिवांचं!

शुक्रवारी सकाळी सचिवकाका पाटीसमोर उभे राहिले आणि त्यांचे डोळे पाणावले.

"वा! अशी मुलं हवीत! ठेवा, अगदी माथ्यावर ठेवा, रस्त्यावरून दिसली पाहिजे! माझं नाव थोडं आणखी मोठं बसलं असतं नाही?"

"कागद संपला, काका," वकील गरीब चेहऱ्याने म्हणाली.

सराव सुरू झाला की खड्ड्यावर वर चढणारा लाल बावटा आत्ता खाली होता, खड्ड्यात कुणी नव्हतं. तिघांनी सचिवांच्या देखत मागच्या बाजूने पाटी वर चढवली, पायांवर दगड रचले आणि ती मुकाट्याने खाली उतरली. तीन वाजता लाल बावटा वर चढला. तेव्हा तिघं वहिनींच्या घरात, खिडक्या लावून बसली होती. घामाच्या धारा लागल्या होत्या. बोळकी फूटपट्टीच्या मांडीवर किरकिर करत होती.

टण्ण!... टण्ण!

आणि मध्येच पत्र्यावर, टप्प.

प्रत्येक 'टप्प'ला वहिनींचा हात सुईवर थबकायचा. फूटपट्टी बोळकीच्या कानांवर तळवे धरून मनात म्हणत होती, माझी चूक असली तरी चालेल, पण कळू दे. आजच कळू दे!

पाच वाजता बावटा उतरला. पाटीकडे धावताना भुंग्याच्या हातात वहिनींनी दिलेली जाड सुई होती आणि गळ्यात रंगीबेरंगी दोऱ्यांची रिळं.

पाटीवर अकरा भोकं पडली होती! पुढच्या कागदावर अकरा, मागच्या कागदावर अकरा.

"मागच्या भोकातून दोरा ओव, पुढच्यातून बाहेर काढ," फूटपट्टी म्हणाली. "आता ताणून धरत खाली उतरायचं. दोरा कागदाला अडला तर जागा चुकली. दोन्ही भोकांतून सरळ गेला पाहिजे."

पहिला दोरा निळा. वकील तो धरून बंधारा उतरली. फूटपट्टी एक डोळा मिटून वरून सांगत होती. "डावीकडे... अजून... थोडं खाली... थांब!" वकिलीने तिथे काठी रोवली आणि दोरा बांधला. मग पिवळा, मग हिरवा. मग लाल, जांभळा, पुन्हा निळा.

ऊन तिरपं झालं होतं. अकरा दोरे हवेत चमकत होते, कुणी बंधाऱ्यावरून खाली किरण सोडल्यासारखे. त्यांच्यावर एक म्हातारी येऊन टेकली आणि झोका घेऊ लागली. वर ते एकमेकांपासून हातहातभर लांब होते. खाली येता येता जवळ आले, आणखी जवळ आले, आणि सगळेच्या सगळे एकाच जागी मिळाले.

मोठ्या ताटापाशी!

"कोण रे तिकडे?" सचिवकाका कॅमेरा घेऊन आले होते. पाटीचा फोटो काढायला त्यांनी मान वर केली आणि ते ओरडलेच. "अरे! माझ्या नावाला भोकं कुणी पाडली?"

"तुम्हीच, काका," वकील शांतपणे म्हणाली. "तुम्ही आणि तुमच्या मंडळींनी. आज, तीन ते पाच."

सचिव दोन पावलं पुढे आले. त्यांनी दोऱ्यांकडे पाहिलं. एक दोरा बोटाने छेडूनसुद्धा पाहिला.

फूटपट्टी मात्र ताटासमोर उभी होती. आता टाळून चालणार नव्हतं. तिने टेप काढला, डोळे गच्च मिटले, उघडले आणि नळी मोजली.

पाच सेंटीमीटर! ना एक रेघ कमी, ना जास्त!

मग चुकलं कुठे? ती दोन पावलं मागे सरली. ताट साखळीवर हळूच हेलकावत होतं. त्याचं तोंड वर होतं, आभाळाकडे. ढग बघत उताणं पडलेल्या माणसासारखं. आणि त्याच्या कपाळावर, पुढच्या बाजूने, नळीचे दोन तुकडे बाहेर आले होते.

"शिंगं!" भुंगा ओरडला. "मी कालच सांगितलं होतं! फोटोतपण शिंगं होती!"

"नळ्या पाठीवर हव्यात!" फूटपट्टीचा आवाज चढला. "ताट उलटं टांगलंय! कुणी फिरवलं हे?"

सचिवकाकांनी कॅमेऱ्याचा पट्टा बोटांभोवती गुंडाळला, सोडला.

"ते... त्याने मान खाली घातली होती ना," ते पुटपुटले, "म्हणून फोटोत नाव नीट येत नव्हतं. सावली पडायची. मग बुधवारी मीच ते फिरवून घेतलं आणि दुसऱ्या बाजूवर नाव रंगवलं. इतकं छान दिसलं..."

"चमचा!" मागून आवाज आला.

खांद्यावर पिशवी, कपड्यांवर पुलाची धूळ. मावशी उभी होती! आणि तिच्याशेजारी बोळकीला कडेवर घेतलेल्या वहिनी. त्यांनी तिला वाटेतच सगळं सांगितलं होतं.

"नळाखाली चमचा उताणा धरलात, काका," मावशी म्हणाली. ती रागावली की आवाज चढवत नसे, उलट उतरवत असे. "पाणी दुसऱ्याच्या तोंडावर उडालं."

वहिनींनी जाळी पुढे केली. सचिवांनी ती उजेडात धरली. एक, दोन, तीन, चार भोकं. बोळकी त्यांच्याकडे बघून आपलं बिनदातांचं हसली, आणि त्या हसण्याने त्यांना जे लागलं ते कुठल्या रागावण्यानेही लागलं नसतं. त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढून जमिनीवर ठेवला.

"पोरांनो," ते म्हणाले, "काल तुम्ही सांगायला आलात, तेव्हा मी फ्रेमा लावत होतो." एवढंच. मग ते स्वतः ताटाच्या साखळ्या सोडवायला लागले.

मावशी तिघांकडे वळली. "आणि बंधाऱ्यावर चढलात ते?"

"बावटा खाली असताना! सचिवांच्या देखत!" वकील म्हणाली.

"आणि माझ्या पट्ट्या?"

"बाबांच्या परवानगीने!"

"जागे होते का बाबा?"

"हा प्रश्न इथे गैरलागू आहे," वकील म्हणाली आणि फूटपट्टीच्या मागे लपली.

फूटपट्टीने मात्र मान वर केली नाही. "मावशी, मला वाटलं माझंच माप चुकलं. फोन करून तुला लगेच सांगायला हवं होतं. पण भीती वाटली."

मावशीने तिची हनुवटी उचलली. "पुढच्या वेळी भीती वाटली तर आधी फोन करायचा आणि मग घाबरायचं. त्या क्रमाने. कळलं?"

---

रविवारी तीस नेमबाज आले, पन्नास पाहुणे आले. मंडळाचं नाव आता एका लाकडी फळीवर होतं, नेमबाजांच्या पाठीमागे, जिथे कुणाचीच गोळी जात नाही तिथे. सचिवांचं नाव फळीवर नव्हतंच. त्यांनीच ते नको म्हटलं. ताटाने अदबीने मान खाली घातली होती. टण्ण वाजायचं, आणि खाली वाळूत कसलासा हलका आवाज यायचा, कुणी कानात बोलावं तसा.

बक्षिसं देऊन झाल्यावर सचिवकाका पुन्हा उभे राहिले. "आज इथे सगळ्यांत अचूक नेम कुणाचा, ते सांगतो. या तिघांचा! यांनी एकही छर्रा उडवला नाही, आणि अकराच्या अकरा बरोबर लावले!" टाळ्यांचा कडकडाट झाला. वकिलीचे बाबाही उभे राहून टाळ्या वाजवत होते, चक्क जागे होते! वकील दोन्ही बाजूंना वाकून नमस्कार करत सुटली.

बंधाऱ्यापलीकडे, झाडाखाली, नव्या जाळीत बोळकी झोपली होती. मशीन संथ चालू होतं.

भुंगा मात्र गुणगुणत नव्हता.

"काय झालं रे?" फूटपट्टीने विचारलं.

"आता तारे पडणार नाहीत ना?"

तिने त्याचा हात धरला. सगळे पांगले होते, बावटा उतरला होता. दोघं ताटाखाली जाऊन बसली. मावशीने हातमोजे आणि चाळण दिली होती. फूटपट्टीने वाळूची ओंजळ चाळणीत टाकली आणि हलवली. वाळू सरसरत गळून गेली. चाळणीत उरले तारे! दहा, वीस, पन्नास, कितीतरी. करडे, चंदेरी, पाकळ्या उमललेले. संध्याकाळच्या उजेडात सगळी चाळण लुकलुकत होती.

"पडले की रे," ती म्हणाली. "पण आपल्या जागी पडले."

भुंग्याने श्वास आत ओढला, आणि हळूहळू, अगदी बारीक आवाजात, त्याचं गुणगुणणं सुरू झालं.

सोमवारी वर्कशॉपमध्ये एका जिन्याचं काम आलं. फूटपट्टीने गज मोजला, खडूने खूण केली आणि सवयीने बाजूला होऊन वाट पाहिली. मावशीचा हात टेपकडे गेला. तिथेच क्षणभर थांबला. मग तिने खुणेकडे पाहिलं, चष्मा डोळ्यांवर ओढला, पातं बरोबर खडूच्या रेघेवर टेकवलं.

"मागे सर गं," ती म्हणाली. "ठिणग्या उडतील."